साहेब नसलेली कंपनी: स्वयंव्यवस्थापनाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वरिष्ठ-कनिष्ठ अशी उतरंड नसलेल्या कंपन्यांचा विषय निघाला की ठरावीक शंका हमखास पुढे येतात. काही कुतूहलातून येतात, काही भीतीतून, आणि काही अगदी रास्त असतात. त्यांची उत्तरं एका जागी मिळावीत म्हणून हे पान. बहुतेक उदाहरणं नेदरलँड्स, अमेरिका, स्पेन अशा ठिकाणची आहेत, कारण हे प्रयोग तिथेच झाले. महाराष्ट्राचा खरा संबंध जिथे येतो तिथे तोही सांगितला आहे.

स्वयंव्यवस्थापन म्हणजे नेमकं काय? ज्याने त्याने मनाला येईल तसं वागायचं?

मनाला येईल तसं वागायची मुभा इथे बिलकुल नसते. नेहमीच्या कंपनीत काम करणारा एक असतो आणि त्या कामाबद्दल ठरवणारा दुसरा. यंत्र कोणतं घ्यायचं, रजा कोणाला द्यायची, नवीन माणूस घ्यायचा की नाही, हे प्रश्न वर जातात, तिथे पडून राहतात आणि कधीतरी उत्तर होऊन खाली येतात. "साहेबांना विचारून सांगतो" हे वाक्य आपण रोज ऐकतो. स्वयंव्यवस्थापित ठिकाणी ठरवण्याचा अधिकार काम करणाऱ्याच्याच हातात असतो. त्याच्या जोडीला लिहिलेले नियम असतात: हा अधिकार कोणाला विचारून वापरायचा, कुठपर्यंत वापरायचा, आणि चुकलं तर कोणासमोर उत्तर द्यायचं.

हे नियम न करता नुसते साहेब हटवले तर हाती गोंधळ उरतो. साहेबाची खुर्ची काढणं सोपं आहे. तो करत असलेली कामं नावानिशी वाटून देणं अवघड आहे, आणि ते झाल्याशिवाय काहीही बदलत नाही. पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात हाच मुद्दा येईल.

म्हणजे कोणी नेताच नसतो?

नेते असतात, कधीकधी नेहमीच्या कंपनीपेक्षा जास्त असतात. फरक इतकाच की ते वरून नेमलेले नसतात. बिल गोर आणि त्यांच्या पत्नी व्हीव्ह यांनी १९५८ साली अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात, घराच्या तळघरात डब्ल्यू. एल. गोर ही कंपनी सुरू केली. पुढे गोर-टेक्स कापडामुळे ती जगाला माहीत झाली. तिथे सगळे एकमेकांचे सहकारी. नव्याने आलेल्या माणसाला साहेब मिळत नाही, हात धरून शिकवणारा एक जुना सहकारी मिळतो. ज्याच्यामागे लोक आपणहून काम करायला येतात तो नेता, अशी तिथली रीत. २००५ साली नवा मुख्याधिकारी निवडताना संचालक मंडळाने कर्मचाऱ्यांनाच विचारलं की कोणाच्या मागे जायला आवडेल, आणि त्यातून टेरी केली यांचं नाव पुढे आलं. कारखाना दोनशे माणसांच्या आसपास गेला की गोर नवी इमारत काढत, कारण त्याहून मोठ्या गर्दीत माणसं एकमेकांना ओळखेनाशी होतात असा त्यांचा अनुभव होता.

एखादं चालतं उदाहरण सविस्तर सांगाल का?

नेदरलँड्समधली ब्यूर्टझोर्ग. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण हेच, कारण इथे कोणी हुशार प्रोग्रामर नाहीत. घरोघरी जाऊन आजारी आणि म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका आहेत.

तिथली घरपोच शुश्रूषा एकेकाळी वस्तीवस्तीतल्या परिचारिकांच्या हातात होती. पुढे कार्यक्षमतेच्या नावाखाली लहान संस्था मोठ्या संस्थांमध्ये विलीन केल्या गेल्या. इंजेक्शन, आंघोळ, मलमपट्टी अशी प्रत्येक सेवा वेगळी मोजली जाऊ लागली आणि तिला मिनिटं ठरली. दूरच्या कार्यालयात बसलेला नियोजक रोजचा मार्ग ठरवू लागला. आजींच्या घरी आज एक परिचारिका तर उद्या दुसरीच, त्यामुळे तब्येतीतला बारीक बदल कोणाच्याच लक्षात येईना. योस द ब्लोक हे मुळात परिचारक, नंतर अशाच एका संस्थेत वरच्या पदावर गेलेले. ते बाहेर पडले आणि २००६ साली त्यांनी ब्यूर्टझोर्ग स्थापन केली. सुरुवात एकाच लहानशा गटाने झाली. पुढे दहा वर्षांच्या आत परिचारिकांची संख्या दहा हजारांच्या आसपास गेली, आणि मध्यवर्ती कार्यालयात माणसं होती साधारण पन्नास.

एका गटात जास्तीत जास्त बारा जणी. एक वस्ती त्यांची. कार्यालयाची जागा शोधणं, डॉक्टरांशी ओळख करून घेणं, रुग्ण घ्यायचा की नाही हे ठरवणं, सुट्ट्यांचं वेळापत्रक, नव्या सहकारी निवडणं, सगळं गटानेच करायचं. एरवी मॅनेजरकडे असणारी कामं भूमिका म्हणून वाटलेली असतात. एक जण वेळापत्रक बघते, एक हिशेब आणि सामान, एक गटाच्या कामाच्या तासांवर लक्ष ठेवते, एक नव्यांना शिकवते. या भूमिका फिरत्या असतात, म्हणजे त्यातून कायमची सत्ता तयार होत नाही. गट तेरावर गेला की दोन गट होतात.

गटात भांडण झालं किंवा गाडी अडली तर प्रशिक्षक येतो. एकेका प्रशिक्षकाकडे चाळीस-पन्नास गट असतात, आणि इतके गट मुद्दामच दिलेले असतात: एवढ्या गटांवर हुकूम चालवायला त्याला वेळच मिळणार नाही. त्याला आदेश द्यायचा अधिकार नाही. तो प्रश्न विचारतो, दुसऱ्या गटाने अशा वेळी काय केलं ते सांगतो. प्रत्येक गटाचे कामाचे तास आणि खर्च सगळ्या गटांना संगणकावर दिसतात. मागे पडलेल्या गटाला कोणी फोन करून झापत नाही, त्यांना स्वतःलाच ते आकडे दिसत असतात.

परिणाम काय? रुग्णाला स्वतःचं स्वतः करता यावं, शेजारी आणि घरचे मदतीला यावेत, यावर परिचारिकांनी भर दिला. त्यामुळे मंजूर झालेल्या तासांपेक्षा कितीतरी कमी तासांत रुग्ण बरे होऊ लागले. देशातल्या सर्वोत्तम नोकरीच्या जागा म्हणून ब्यूर्टझोर्गचं नाव अनेकदा आलं.

हे सेवाक्षेत्रात ठीक. कारखान्यात, जिथे शिफ्ट आणि मोठी यंत्रं आहेत, तिथे कसं चालणार?

कॅलिफोर्नियातली मॉर्निंग स्टार टोमॅटोवर प्रक्रिया करते आणि या व्यवसायात जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक आहे. ख्रिस रूफर यांनी १९७० साली ट्रकने टोमॅटो वाहण्यापासून सुरुवात केली. पहिला प्रक्रिया कारखाना १९९० साली लॉस बान्योसला उभा राहिला. टोमॅटो थांबत नाही. हंगामात दिवसरात्र ट्रक येत राहतात आणि एक यंत्र बंद पडलं तर माल सडतो. अशा ठिकाणी फोरमन, सुपरवायझर, व्यवस्थापक यांपैकी कोणीही नाही.

त्याऐवजी प्रत्येक जण एक पत्र लिहितो. माझं काम काय, ते कशाने मोजायचं, कोणत्या सहकाऱ्याला मी काय आणि कधी देणार, त्याच्याकडून मला काय लागणार. ज्यांच्याशी रोजचा संबंध येतो त्या सगळ्यांशी बसून, घासाघीस करून हे पत्र पक्कं होतं, आणि दर वर्षी नव्याने लिहिलं जातं. बाष्पक (रस आटवणारं यंत्र) चालवणाऱ्याला नवा पंप हवा असेल तर सही घ्यायला वर जायचं नाही. मात्र ज्यांच्या कामावर त्याचा परिणाम होणार आणि ज्यांना त्यातलं कळतं, त्यांच्याशी बोलून, हिशेब मांडून त्यांना पटवायचं.

इथे माणसं एका वरिष्ठाऐवजी दहा सहकाऱ्यांना बांधलेली असतात. काहींना हे जास्त कडक वाटतं, आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे.

प्रत्येक निर्णयाला सगळ्यांची बैठक घ्यावी लागते का?

हा सर्वांत मोठा गैरसमज. सगळ्यांनी हो म्हणेपर्यंत बसायचं ठरवलं तर कंपनी बैठकीतच मरेल. प्रत्यक्षात तीन पद्धती दिसतात.

पहिली सल्ल्याची. वीजनिर्मितीतल्या एईएस या अमेरिकन कंपनीत डेनिस बाके यांनी ती रुजवली. निर्णय कोणीही घेऊ शकतो, पण आधी दोन प्रकारच्या लोकांचा सल्ला घेणं सक्तीचं: ज्यांना त्या निर्णयाची झळ बसणार ते, आणि ज्यांना त्या विषयातलं कळतं ते. सल्ला ऐकलाच पाहिजे, मानलाच पाहिजे असं नाही. निर्णय घेणारा एकच आणि जबाबदारीही त्याचीच. रोजच्या कामाला हीच पद्धत सगळ्यात सोयीची, असं माझं मत आहे.

दुसरी हरकत नसण्याची. केस बूके या डच शिक्षणतज्ज्ञाने ती आपल्या शाळेत वापरली आणि १९७० च्या दशकात गेरार्ड एंडेनबर्ग यांनी आपल्या विद्युत उपकरणांच्या कंपनीत तिला पक्कं रूप दिलं. "तुम्हाला हे आवडलं का?" असं विचारायचं नाही. "यामुळे आपलं काम बिघडेल असं सकारण वाटतं का?" असं विचारायचं. कारण सांगता येत नसेल तर हरकत नाही असं धरायचं आणि ठराविक काळाने निर्णय पुन्हा तपासायचा. धोरणं, भूमिका, पैशाचे नियम यांसाठी ही पद्धत उत्तम.

तिसरी सर्वसहमतीची, आणि तिचं सर्वांत प्रामाणिक उदाहरण आपल्याकडेच आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाची ग्रामसभा निर्णय बहुमताने घेत नाही, सहमतीने घेते. २००९ साली गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि बांबू तोडण्यापासून विकण्यापर्यंतचा कारभार ग्रामसभेने हातात घेतला. सहमती तिथे जमते, कारण ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट असतो. विषय आधी समजून घेतला जातो, मग निर्णयाला बसतात. अभ्यासाचा हा भाग गाळून नुसती सहमती उचलली तर दोन महिन्यांत लोक कंटाळतात.

आणि जोखमीचा प्रश्न? गोर कंपनीत जहाजाच्या पाणरेषेचा दाखला देतात. रेषेच्या वर भोक पडलं तर जहाज बुडत नाही, तिथे बेधडक करून बघा. खाली पडणार असेल तर आधी इतरांना विचारा. अशी रेषा पैशात आखून ठेवावी. अमुक रकमेपर्यंत स्वतः, त्यापुढे सल्ला, त्याहून पुढे सगळ्यांची हरकत विचारायची.

पगार कोण ठरवतं?

याचं एकच उत्तर नाही. ब्यूर्टझोर्गमध्ये हा प्रश्नच गटापुढे ठेवलेला नाही. शिक्षण आणि अनुभवानुसार, देशपातळीवरच्या सामूहिक वेतन करारातून पगार ठरतो. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो: बारा जणींनी एकमेकींचे पगार ठरवायचे म्हटलं असतं तर गट फुटले असते. मॉर्निंग स्टारमध्ये प्रत्येक जण वर्षअखेरीस आपल्या कामाचा लेखाजोखा मांडतो आणि सहकाऱ्यांनी निवडून दिलेली समिती त्यावरून वाढ ठरवते. गोरमध्ये सहकारी एकमेकांच्या योगदानाची क्रमवारी लावतात. ब्राझीलच्या सेमको कंपनीत मालक रिकार्डो सेमलर यांनी काही कर्मचाऱ्यांना स्वतःचा पगार स्वतः ठरवायची मुभा दिली होती, पण कंपनीचे हिशेब सगळ्यांसमोर उघडे ठेवून, आणि ते वाचायला शिकवून.

आपल्याकडे सुरुवात करणाऱ्यांनी पगाराला सर्वांत शेवटी हात लावावा. आधी हिशेब उघडे करावेत.

कामचुकार माणसाचं काय? त्याला काढणार कोण?

नेहमीच्या कंपनीत कामचुकार माणसाला एकाच साहेबाची नजर चुकवायची असते. दहा सहकाऱ्यांची नजर चुकवणं जास्त कठीण. तरीही असा माणूस निघतोच, आणि त्याला तोंडावर सांगायचं कोणी, हा खरा पेच असतो. आपण पाठीमागे बोलतो, समोर बोलत नाही. म्हणून तक्रारीची पायरी-पायरीची वाट आधीच ठरलेली असावी.

मॉर्निंग स्टारची वाट अशी: ज्याला तक्रार आहे त्याने आधी त्या माणसाशी एकट्याने बोलायचं. नाही जमलं तर दोघांनी मिळून एक तिसरा निवडायचा, जो ऐकेल, सुचवेल, पण निकाल देणार नाही. तरीही नाही सुटलं तर सहा जणांच्या आसपास सहकाऱ्यांची समिती. आणि तिथेही अडलं तर शेवटचा शब्द रूफर यांचा. नोकरीवरून काढायचा प्रश्नही याच वाटेने जातो.

शेवटच्या पायरीवर मालक उभा आहे, हे लक्षात असू द्या. कंपनीही ते लपवत नाही.

साहेब गेले की लपलेले साहेब तयार होतात, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि या विषयातला हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे.

अमेरिकन स्त्रीमुक्ती चळवळीतल्या जो फ्रीमन यांनी १९७० च्या सुरुवातीलाच हे नेमकं पकडलं होतं. त्या वेळच्या स्त्रियांच्या गटांनी ठरवलं होतं की आपल्यात ना अध्यक्ष, ना नियम. फ्रीमन यांनी दाखवलं की रचना नसलेला गट अस्तित्वातच नसतो. रचना उघड नसेल तर ती मैत्रीची होते. जुन्या ओळखीच्या, एकत्र राहणाऱ्या, चांगलं बोलणाऱ्या बायका सगळं ठरवतात, आणि नव्या आलेल्या बाईला कळतही नाही की निर्णय कुठे झाला. उघड अध्यक्षाला निदान प्रश्न विचारता येतो. नसलेल्या अध्यक्षाला कसा विचारणार?

अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह या गेम बनवणाऱ्या कंपनीवर हाच आक्षेप आला. नव्या कर्मचाऱ्यांसाठीची तिची पुस्तिका २०१२ साली बाहेर आली आणि जगभर तिचं कौतुक झालं: साहेब नाहीत, टेबलांना चाकं आहेत, आवडेल त्या प्रकल्पाकडे टेबल ढकलत न्या. पुढच्याच वर्षी तिथून कमी केलेल्या हार्डवेअर अभियंता जेरी एल्सवर्थ यांनी जाहीरपणे सांगितलं की आत वजनदार लोकांचा एक न दिसणारा थर आहे आणि वातावरण शाळेतल्या कंपूंसारखं आहे.

आपल्याकडे या लपलेल्या थरात आणखी काय काय मिसळेल, ते ओळखायला फार विचार करावा लागत नाही. जात, आडनाव, कॉलेज, इंग्रजी, "आपला माणूस". ऑफिसनंतर चहाच्या टपरीवर कोण थांबू शकतं आणि कोणाला घरी जाऊन स्वयंपाक करायचा असतो, यावर निर्णय ठरू लागले तर बायका आपोआप बाहेर पडतात. उतरंडीतला साहेब निदान कागदावर तरी नियमाला बांधलेला असतो. म्हणून भूमिका लिहा, त्यांची मुदत लिहा, निर्णय कुठे होतात ते लिहा, बैठकीचं इतिवृत्त सगळ्यांना द्या. या कागदपत्रांचा कंटाळा करणाऱ्यांनी कृपया हा प्रयोग करू नये, कारण त्याची किंमत सर्वांत कमजोर सहकारी भरतो.

झॅपॉसमध्ये तर हे फसलं ना?

लास व्हेगासच्या झॅपॉस या ऑनलाइन बूटविक्री कंपनीने २०१३ च्या अखेरीस होलाक्रसी स्वीकारत असल्याचं जाहीर केलं. ही ब्रायन रॉबर्टसन यांनी बांधलेली पद्धत. तिच्यात पदांऐवजी भूमिका, विभागांऐवजी वर्तुळं आणि सगळ्यांवर एक लिखित संविधान असतं. मार्च २०१५ मध्ये प्रमुख टोनी शे यांनी कर्मचाऱ्यांना सांगितलं की ज्यांना हे पटत नसेल त्यांनी काही महिन्यांचा पगार घेऊन खुशाल जावं. सुमारे दीड हजारांपैकी २१० जण, म्हणजे १४ टक्के, लगेच गेले. काही महिन्यांनी हा आकडा १८ टक्क्यांवर गेला. पुढे कंपनीने हळूहळू ती पद्धत सैल केली. मीडियम या लेखन-संकेतस्थळानेही २०१६ साली ती सोडली.

गेलेले सगळे होलाक्रसीला कंटाळूनच गेले असं नाही, पैसे घेऊन बाहेर पडायची संधीही मोठी होती. तरी एक गोष्ट मला स्पष्ट दिसते: साहेबशाही संपवण्याचा निर्णय साहेबाने एका ईमेलने घेतला. चालू, मोठ्या कंपनीवर तयार नियमांचं जाडजूड पुस्तक एकदम लादलं की लोक कामाऐवजी नियम सांभाळत बसतात. ब्यूर्टझोर्ग पहिल्या दिवसापासून तशीच वाढली, हा फरक लहान नाही.

सहकारी संस्था म्हणजेच स्वयंव्यवस्थापन का?

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत आधी येतो, आणि उत्तर आहे: नाही. मालकी कोणाची आणि रोजचे निर्णय कोणाचे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

१९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढे राज्यभर तशी साखळी उभी राहिली. मालक शेतकरी सभासद. पण कारखान्याच्या आत कार्यकारी संचालक, खातेप्रमुख, सुपरवायझर, हंगामी कामगार अशी पक्की उतरंड, आणि कामगार बहुतेक वेळा मालक नसतोच. ऊसतोड मजूर तर या चित्राच्याही बाहेर. उलट मॉर्निंग स्टारची मालकी रूफर यांची, पण रोजचे अधिकार कामगारांचे.

स्पेनच्या बास्क भागातल्या मोंद्रागोनमध्ये कामगारच मालक आहेत. १९५६ साली एका धर्मगुरूच्या प्रेरणेने सुरू झालेल्या या समूहात सत्तर-ऐंशी हजार माणसं काम करतात, सभासदाला एक मत असतं, आणि सर्वांत वरच्या व खालच्या पगारातलं अंतर साधारण सहा पटीच्या आसपास ठेवलेलं असतं. तिथेही व्यवस्थापक आहेत, फक्त ते सभासदांना उत्तर देतात. मुंबईत कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जमध्ये मालकांच्या भांडणात कारखाना बंद पडल्यावर कामगारांनी सहकारी संस्था काढून तो ताब्यात घेण्याची योजना मांडली, आणि १९८८ साली तिला मान्यता मिळाली. भारतीय कामगार चळवळीतलं हे फार धीराचं पाऊल होतं. पण तिथेही प्रश्न मालकीचा होता, पाळीवर कोण काय ठरवणार हा पुढचा.

दोन्ही एकत्र आले तर उत्तमच. पण एक मिळालं म्हणून दुसरं आपोआप येत नाही.

आपल्याकडे असं काही आहे का?

आहे, फक्त त्याला हे नाव नाही. मुंबईच्या डबेवाल्यांची परंपरा १८९० पासूनची. ते कोणाचे नोकर नाहीत. गटात काम करतात, गटाची कमाई आपसात वाटून घेतात, आणि गटाचा मुकादम स्वतःही डबे वाहतो. डबा हरवला, माणूस आजारी पडला, लोकल रखडली, तर वर फोन लावायला वेळच नसतो. गट तिथल्या तिथे मार्ग काढतो. पण हा विश्वास कुठून येतो तेही पाहायला हवं: मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव अशा तालुक्यांतली, नात्यागोत्यातली, वारकरी परंपरेतली माणसं. हीच त्यांची ताकद, आणि बाहेरच्याला आत येणं अवघड करणारी गोष्टही हीच.

लिज्जतची गोष्ट सर्वांना माहीत आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. आज हजारो बायका सभासद आहेत, एकमेकींना बहीण म्हणतात, नफा-तोटा वाटून घेतात, आणि शाखेची संचालिका त्यांच्यातूनच येते. पुरुष पगारी नोकर असू शकतो, सभासद होऊ शकत नाही. इथे पिठाचं प्रमाण, पापडाचा आकार, लाटलेले पापड परत घेण्याची वेळ याबाबत कमालीची शिस्त आहे. दर्जाचे नियम कडक असले की माणसांवर पहारा कमी लागतो, ही गोष्ट लिज्जतने व्यवस्थापनाच्या पुस्तकांच्या कितीतरी आधी करून दाखवली.

आपल्या माणसाला डोक्यावर साहेब लागतोच, असं म्हणतात. खरं?

नाही. हे वाक्य बहुतेक वेळा साहेबच म्हणतात. जी बाई पाच जणांचं घर, बचतगटाचं कर्ज आणि मुलीचं शिक्षण एका हिशेबात बसवते, तिला ऑफिसात शंभर रुपयांच्या खर्चाला सही मागावी लागते. तिच्यात उणीव नाही.

सवय मात्र लागलेली असते. "सर" म्हणणं, विचारल्याशिवाय न बोलणं, चुकलं तर लपवणं. ती घालवायला वर्ष-दोन वर्षं द्यावी लागतात.

कायदा याला परवानगी देतो का?

आतल्या निर्णयांवर कायद्याची हरकत नाही, पण बाहेरच्या जगाला जबाबदार नावं लागतात. कंपनीला संचालक लागतात. कारखान्याच्या कायद्याला भोगवटादार (कारखान्यावर अंतिम ताबा असलेली व्यक्ती) आणि व्यवस्थापक यांची नावं हवी असतात, आणि अपघात झाला तर त्यांनाच जाब विचारला जातो. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ रोखणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी आणि तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला कर्मचारी हवी. पदंच नसलेल्या कंपनीलाही हे करावंच लागतं, आणि केलंच पाहिजे. कागदावर ज्यांची नावं जातील त्यांना त्या जबाबदारीपुरता नकाराधिकार द्या आणि तसं लिहून ठेवा. जोखीम एकाची आणि निर्णय दुसऱ्याचा, हा अन्याय होतो.

मधल्या फळीतल्या मॅनेजरचं काय होतं?

त्यांच्यावर सर्वांत मोठा घाला येतो आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. घरगुती उपकरणं बनवणाऱ्या चीनच्या हायर कंपनीत तेव्हाचे प्रमुख झांग रुईमिन यांनी कंपनीचे हजारो छोटे स्वायत्त उद्योग केले, तेव्हा दहा हजारांहून जास्त मधली पदं गेली. त्या माणसांपुढे दोनच वाटा होत्या: छोटा उद्योग उभारा किंवा बाहेर पडा.

वीस वर्षं घासून कोणी असिस्टंट मॅनेजर झाला असेल, तर ते पद त्याच्या घरच्यांसाठी, सोयरिकीसाठी, गृहकर्जासाठीही असतं. त्याचा पगार राखा, बाहेरच्यांसाठी व्हिजिटिंग कार्डावर पद लिहू द्या, आणि त्याला कामावर परत येण्याची खरी वाट द्या. अनेक मॅनेजर मूळचे उत्तम कारागीर असतात, बढतीमुळे ते हातचं काम सुटलेलं असतं.

आमच्याकडे वीस-तीस माणसं आहेत. सुरुवात कुठून करावी?

आधी महिनाभर नोंद ठेवा की कोणते निर्णय वर येतात. रजा, खरेदी, ग्राहकाला सवलत, कामाचं वाटप, भरती. यादी पाहूनच कळेल की अर्ध्याहून जास्त गोष्टी वर यायचं काही कारण नव्हतं. त्यातली सर्वांत साधी उचला, बहुधा रजा. गटाने आपसात ठरवावं आणि तक्त्यावर लिहावं, कोणाचीही मंजुरी नको. दुसरी पायरी, ठराविक रकमेपर्यंतची खरेदी, सल्ला घेऊन. तिसरी, जमाखर्च सगळ्यांसमोर मांडणं आणि तो वाचायला शिकवणं. भरती त्यानंतर: ज्यांना शेजारी बसून काम करायचं आहे त्यांनीच नवा माणूस निवडावा.

मालकासाठी सर्वांत कठीण काळ पहिल्या चुकीनंतर येतो. कोणी चुकीची खरेदी केली आणि त्या संध्याकाळी तुम्ही अधिकार परत घेतला, तर पुढची पाच वर्षं तुमच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

आणि मालकाचंच मन फिरलं तर?

हा धोका खरा आहे. एईएसमध्ये बाके २००२ साली पायउतार झाले, कंपनी अडचणीत होती, आणि सल्ल्याची ती पद्धत पुढे मागे पडली. दिलेला अधिकार देणाऱ्याच्या मर्जीवर असेल तर तो कधीही जाऊ शकतो. म्हणून होलाक्रसीत प्रमुखाला संविधानावर सही करून आपले अधिकार सोडावे लागतात. आपल्याकडे भागीदारी संस्था असेल तर भागीदारी करारात, कंपनी असेल तर तिच्या नियमावलीत, सहकारी संस्था असेल तर उपविधीत हे कलम घालून घ्या: कोणते निर्णय गटाचे आहेत, आणि ते परत घ्यायचे असतील तर कोणाकोणाची संमती लागेल. शक्य असेल तर कर्मचाऱ्यांना मालकीत भागही द्या. मालक याला तयार नसेल तर निदान तसं पहिल्याच दिवशी सांगावं, म्हणजे माणसं किती जीव ओतायचा ते स्वतः ठरवतील.